विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळले, आता शाळेत कोच व्हायचंय: पुढची वाट कशी असते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सर, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शिवाजी विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळले, बूस्टर म्हणून, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू वर रचून देणारी. घरचे म्हणतात खेळ पुरे झाला, आता बी.एड. कर. मला शाळेत व्हॉलीबॉल शिकवायचंय. यात पोट भरतं का? चांगलं खेळणाऱ्याला चांगलं शिकवता येतंच असं नाही, हे खरं का? आणि खेळणं सोडावं लागेल का?"

मी याच वाटेने आलो आहे. सांगली जिल्ह्यातल्या कॉलेजकडून खेळलो, आधी विभागीय, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ, त्यानंतर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, आणि तेव्हापासून माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक. तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून "तू" म्हणूनच लिहितो.

पोट भरतं. पण एक गोष्ट आधी समजून घे. महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळेत "व्हॉलीबॉल कोच" असं पद नसतं. पद असतं शारीरिक शिक्षण शिक्षकाचं. म्हणजे पाचवी ते दहावीचे तास, खो-खो, कबड्डी, अ‍ॅथलेटिक्सचे संघ, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचं संचलन, वार्षिक क्रीडा महोत्सव, शिवाय निवडणूक आणि परीक्षेची कामं. या सगळ्यातून सकाळी शाळा भरण्याआधी आणि संध्याकाळी सुटल्यावर जो वेळ उरतो, त्यात व्हॉलीबॉल. हे ऐकून मन खट्टू होत असेल तर आत्ताच नीट विचार कर. मला मात्र त्या उरलेल्या वेळेतच आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम करायला मिळालं.

घरचे बी.एड. म्हणतात, तू बी.पी.एड. म्हण. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांपासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा आणि मैदानी चाचणी असते. पुण्याचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय आणि अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही जुनी, नावाजलेली ठिकाणं. तिथे गेलीस तर खेळाइतकंच शरीरशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र आणि पाठ घेणं शिकशील. पाठ घेण्याचा सराव मनापासून कर. खेळाडू मुलं तो टाळतात आणि पुढे साठ मुलांचा वर्ग समोर आला की गांगरतात.

त्यानंतर टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० गुणांची परीक्षा. २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. म्हणजे दरवर्षी होईलच असं गृहीत धरू नकोस. भरती राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते. शारीरिक शिक्षणाच्या जागा संचमान्यतेवर, म्हणजे शाळेच्या पटावर अवलंबून असतात आणि त्या थोड्याच निघतात. निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ पासून माध्यमिकला त्याचं मानधन महिना १८,००० रुपये आहे. तीन वर्षं काढलीस की नियमित वेतनश्रेणी. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कोणत्या दर्जाच्या पदासाठी कोणती कामगिरी लागते हे ठरलेलं असतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. तुझं प्रमाणपत्र कुठे बसतं, हे क्रीडा उपसंचालक कार्यालयात जाऊन स्वतः विचार. मैदानावरच्या गप्पांवर विसंबू नकोस.

दुसरी वाट खासगी शाळांची. पुणे, नाशिक, मुंबई, ठाण्याच्या मोठ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा एकेका खेळाचे स्वतंत्र कोच ठेवतात. तिथे पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला एन.आय.एस. म्हणतात त्या, पदविकेला वजन आहे. ही पदविका एका वर्षाची. ते जमत नसेल तर तिथलाच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. अशा शाळेशी बोलताना पगार किती हे विचारशीलच, पण बारा महिने देणार की मे महिन्याचा कापणार, हेही विचार. आणि नेमणूकपत्र हातात घेतल्याशिवाय कामाला लागू नकोस. तिसरी वाट शिक्षण हक्क कायद्यातल्या अंशकालीन निदेशकाची. सहावी ते आठवीच्या शाळेत पट १०० च्या वर असेल तर कायद्यात त्याची तरतूद आहे. मानधन तुटपुंजं, पण बी.पी.एड. करून टेटची वाट बघणाऱ्याला मुलं शिकवायला मिळतात. तेवढ्यासाठी ते करावं, त्यावर घर चालेल असं धरू नये.

आता तुझा दुसरा प्रश्न. त्यावर मला जास्त बोलायचंय.

चांगलं खेळणाऱ्याला शिकवता येतंच असं नाही, हे खरं आहे आणि त्याचं कारण साधं आहे. तुला बूस्ट करताना बोटं कुठे असतात, गुडघे कधी वाकतात, हे आता आठवावं लागत नाही. हात आपोआप चालतात. सातवीतल्या मुलीला मात्र ते एकेक करून सांगावं लागतं आणि जे आपण आठवत नाही ते सांगणं कठीण. म्हणून पहिल्या वर्षी स्वतःचा खेळ उलगडून बघ. मोबाइलवर स्वतःचा बूस्ट चित्रित कर आणि सावकाश चालवून बघ. चेंडू येण्याआधी तुझे पाय पोचलेले असतात, हे तुला तिथे दिसेल. मुली हात सुधारतात, पाय तसेच ठेवतात. नव्वद टक्के चुका पायांच्या असतात असं मी मुलींना सांगतो; आकडा अंदाजाचा आहे, गोष्ट खरी आहे.

तू बूस्टर आहेस, ही जमेची बाजू. स्मॅशर, म्हणजे जाळीवरून चेंडू जोरात मारणारा, आपल्या चेंडूची वाट बघतो. बूस्टरला पास, म्हणजे साथीदाराने उचलून दिलेला चेंडू, कसा येतोय, समोरचा ब्लॉक, म्हणजे जाळीजवळ हात उंचावून स्मॅश अडवणारे, कुठे उभा आहे, आपली कोणती मुलगी आज घाबरली आहे, हे सगळं एका क्षणात बघावं लागतं. ती बघायची सवय कोचला लागते. मी पाहिलेले चांगले शालेय कोच बहुतेक बूस्टर किंवा मागच्या रांगेत खेळलेले आहेत. स्मॅशर झाले नाहीत असं नाही, पण त्यांना पहिली काही वर्षं स्मॅशच शिकवायचा मोह आवरत नाही.

आणि तो मोह प्रत्येकालाच होतो. मुलं पहिल्या दिवशी मैदानावर येतात ती स्मॅश मारायला. जाळी बांधलेली दिसली की रांग लावतात, चेंडू वर फेकून द्या म्हणतात. तू पहिले काही आठवडे जाळी बांधूच नकोस. शालेय व्हॉलीबॉल पहिल्या पासवर जिंकला किंवा हरला जातो. १४ वर्षांखालील मुलींच्या तालुक्याच्या सामन्यात बसून मोजून बघ. निम्म्याहून जास्त गुण सर्व्हिस चुकण्यात आणि सर्व्हिस न उचलण्यात जातात. स्मॅशचे गुण एका सेटमध्ये मोजून दोन-चार असतात. मग ज्यावर दोन-चार गुण मिळतात त्याच्यावर अर्धा सराव का घालवायचा?

याला नियमांचं बळही आहे. मी खेळायला लागलो तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळायचा आणि सेट १५ चा असायचा. सर्व्हिस बाहेर गेली तर नुसती सर्व्हिस जायची, गुण जायचा नाही. म्हणून आम्ही बिनधास्त मारायचो. १९९८-९९ च्या सुमारास प्रत्येक रॅलीला गुण आणि २५ चा सेट आला. त्यामुळे आता जाळीत मारलेली प्रत्येक सर्व्हिस म्हणजे समोरच्याला फुकट दिलेला गुण. मोठ्या संघांना तो धोका परवडतो, कारण त्यांची जोरदार सर्व्हिस दोन गुण काढून देते. शाळेच्या संघाला परवडत नाही. म्हणून पहिलं वर्षभर माझ्या मुली खालून सर्व्हिस करतात आणि ती मागच्या सहा मीटरमध्ये कुठे टाकायची एवढंच शिकतात. इतर शाळांचे संघ वरून सर्व्हिस करतात, मुलींना कमीपणा वाटतो. वाटू दे. सामना संपल्यावर वाटत नाही.

पास कसा शिकवायचा ते जरा सविस्तर सांगतो, कारण कॉलेजच्या खेळाडूला हे सोपं वाटतं आणि तिथेच गाडी अडते. लहान मुलगी चेंडू आला की हात वर फिरवते. चेंडू हातावर आदळतो आणि मागे उडतो. तिला "हात हलवू नकोस" असं सांगून काही होत नाही. त्याऐवजी तिला बाकावर अगदी काठावर बसव. समोरून दोन-तीन मीटरवरून हलक्या हाताने चेंडू टाक. तिने हात जोडून, कोपरं ताठ ठेवून, चेंडू मनगट आणि कोपराच्या मधल्या सपाट भागावर घ्यायचा आणि घेताना बाकावरून उठायचं. उठण्याच्या जोरानेच चेंडू तुझ्याकडे परत येतो. हात फिरवायची गरजच उरत नाही. चेंडूचा जोर पायातून येतो, हे तिच्या शरीराला कळतं, शब्दांनी सांगावं लागत नाही. मग बाक काढून घे.

पहिल्या पंधरवड्यात हात लाल होतात, काहींच्या कातडीखाली बारीक ठिपके उठतात. आया घाबरून शाळेत येतात. त्यांना आधीच कल्पना दे आणि मुलींना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यायला सांग. नवा कडक चेंडू या वयाला देऊ नकोस. नियमाचा चेंडू २६० ते २८० ग्रॅमचा असतो, वजन फार नाही, पण हवा टम्म भरलेली असली की लागतो. वापरून मऊ झालेले जुने चेंडू नवख्यांसाठी वेगळे ठेव. एकदा चेंडूची भीती बसली की ती मुलगी दोन वर्षं चेंडू आला की डोळे मिटते.

दुसरी गोष्ट: बारापैकी बारा जणींना बूस्ट शिकव. बूस्टर तू पुढे निवडशील, पण आठवीपर्यंत कुणालाही एका जागेवर बांधू नकोस. अठरा बाय नऊचं पूर्ण कोर्ट आणि सहा-सहा मुली असा सराव लहान गटात घेतला तर चार मुली नुसत्या उभ्या राहतात आणि दोघी खेळतात. कोर्टाचे फक्कीने लहान भाग पाड, तीन-तीन मुली खेळव. प्रत्येकीला चेंडू लागतो, प्रत्येकीला हाका माराव्या लागतात. बूस्टर कोण होणार हे तुला तिथेच कळेल. सगळ्यात चपळ मुलगी नव्हे, तर चेंडू वाईट आला तरी "माझा" असं ओरडून पुढे जाणारी.

उंचीबद्दलही सांगायला हवं. सातवीत जी मुलगी किंवा मुलगा सगळ्यात उंच, त्याला सगळे कोच जाळीजवळ उभं करतात. बऱ्याचदा त्याची वाढ लवकर झालेली असते, एवढंच. दोन वर्षांत बाकीचे त्याला गाठतात आणि मग त्याच्याकडे ना पास असतो ना बूस्ट. उलट जो बुटका म्हणून मागे उभा राहिला आणि चेंडू उचलत राहिला, तो अकरावीत अचानक वाढला की त्याला सगळंच येत असतं. मी विद्यापीठापर्यंत गेलेले माझे जे विद्यार्थी डोळ्यांसमोर आणतो, त्यांतले बरेचसे १४ वर्षांखालील संघात राखीव होते. म्हणून निवड चाचणीत वगळलेल्या मुलांना "उद्यापासून येऊ नको" असं कधी म्हणू नकोस. चेंडू कमी असले तरी त्यांना ठेव.

हा खेळ मुळात जन्मलाच अशा माणसांसाठी. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या होलियोक गावात वाय.एम.सी.ए.च्या विल्यम मॉर्गन यांनी तो बसवला तो बास्केटबॉलची धक्काबुक्की झेपत नव्हती त्या मध्यमवयीन लोकांसाठी. मधे जाळी आहे, समोरचा तुमच्या अंगावर येत नाही. जी मुलगी कबड्डीत घाबरते, धावण्यात मागे पडते, तिला इथे जागा आहे. शाळेत कोच म्हणून आपण ती जागा उघडी ठेवायची.

आपल्या भागातली एक खास अडचण तुला येईल. जत्रा-यात्रांत शूटिंग व्हॉलीबॉलच्या मोठ्या स्पर्धा होतात. गावातली मुलं तो खेळ बघत आणि खेळत मोठी होतात. त्यांचे हात बळकट असतात, नजर तयार असते, चेंडूची भीती नसते. पण चेंडू आला की थेट पलीकडे, ही सवय असते. तीन स्पर्शांत तो चेंडू रचून मारायचा, हे त्यांना वेळकाढूपणाचं वाटतं. काही सर अशा मुलांना "तो खेळ सोड, मग ये" म्हणतात. मला ते पटत नाही. गावाच्या मंडळातून मुलाला तोडलंस तर तो दोन्ही खेळांतून जाईल. सरावात एवढाच नियम कर की पहिल्या किंवा दुसऱ्या स्पर्शात चेंडू पलीकडे गेला तर गुण समोरच्याला. महिन्याभरात तो आपसूक साथीदाराकडे बघायला लागतो.

वर्षाचं गणित आत्ताच डोक्यात बसव. शालेय स्पर्धा पावसाळ्यात येतात. जूनमध्ये शाळा उघडते, जुलैत ऑनलाइन नोंदणी, ऑगस्ट-सप्टेंबरला तालुका आणि जिल्हा. म्हणजे जूनपासून सराव धरलास तर मैदानावर चिखल असतो. खरा सराव मागच्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत आणि मग मे महिन्यात सकाळी साडेसहाला. मुरमाचं मैदान असेल तर एप्रिलमध्येच खडे वेचून, पाणी मारून रोलर फिरवून घे. काळी माती असेल तर पावसाळ्यात शाळेच्या सभागृहात किंवा व्हरांड्यात भिंतीवर पास आणि बूस्ट. भिंतीवरचा सराव मुलींना कंटाळवाणा वाटतो, पण पावसाळ्यात तेवढाच मिळतो, आणि हात त्यानेच बसतो.

सरावाची वेळ तू ठरवत नाहीस, एसटी ठरवते. वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुलींची शेवटची गाडी साडेपाचची असेल तर सराव सव्वापाचला संपायला हवा. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, पण गाडी चुकली तर त्या पासाचा उपयोग काय? कोणत्या गावची गाडी कधी, हे सगळं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो.

मुलींच्या संघाबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल आणि म्हणूनच तू या कामात यायला हवीस. ग्रामीण भागातल्या शाळांत क्रीडाशिक्षिका फार कमी आहेत. बाहेरगावी स्पर्धेला मुली न्यायच्या तर सोबत शिक्षिका असावी लागते, आणि मैदानाची माहिती नसलेल्या एखाद्या बाईंना मुख्याध्यापक सोबत पाठवतात. त्या बिचाऱ्या दिवसभर सावलीत बसून राहतात. मुली पाळीबद्दल, पोटदुखीबद्दल, कपड्यांबद्दल कुणाशी बोलणार? तू असलीस तर हा प्रश्नच राहत नाही. स्पर्धेच्या ठिकाणी पोचल्यावर कोर्ट बघण्याआधी स्वच्छतागृह बघ. ते नसेल तर जवळची शाळा, कुणाचं घर शोधून आयोजकांना सांगून व्यवस्था कर. मुली पाणी प्यायचं टाळतात ते याच कारणाने, आणि दुपारच्या सामन्यात त्यांना चक्कर येते ती तहानेने.

घरच्यांच्या परवानगीसाठी वडिलांना शाळेत बोलावण्यापेक्षा तू घरी जा आणि आईशी बोल. किती वाजता निघणार, कुठे जेवणार, किती वाजता परत, कोण सोडणार, हे स्पष्ट सांग. "तुमची मुलगी राज्यापर्यंत जाईल" असं काही सांगू नकोस. वेळ पाळलीस, पहिल्या दोन सहलींत मुलगी सांगितल्या वेळी घरी पोचली, की पुढच्या वेळी आईच डबा बांधून देते. दहावीच्या वर्षी घरचे खेळ बंद करतात, तेव्हा क्रीडा सवलतीच्या गुणांचा मुद्दा कामी येतो. त्याचा प्रस्ताव वेळेत भरायची जबाबदारी तुझी. तुझ्या विसरण्याने मुलीचे गुण जाता कामा नयेत.

स्पर्धांची रचना तुला माहीत असेल, पण कोचच्या बाजूने ती वेगळी दिसते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. महानगरपालिका क्षेत्राचा संघ जिल्ह्यापासून वेगळा धरतात. आपल्या कोल्हापूर विभागात कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येतात, त्यामुळे विभागाला पोचलीस की सामने तगडे. प्रत्येक टप्प्याला जन्मतारीख बघतात. गट १ जानेवारीवरून ठरतो. जनरल रजिस्टरचा उतारा, आधार, ओळखपत्रावरचा फोटो, मुख्याध्यापकांची सही-शिक्का, यांतलं एक जरी चुकलं तरी संघ बसून राहतो. ही फाईल जूनमध्येच तयार ठेव.

आणि कुणीतरी येऊन सांगेलच की "त्या शाळेने दाखल्यावर तारीख बदलून मुलगा खेळवला, आपणही एक घेऊ." संस्थेतला माणूस सांगेल, कधी पालक सांगतील, कधी जिंकायच्या ईर्षेने तुझंच मन सांगेल. करायचं नाही. पकडलं जाण्याची भीती हे कारण नाही. सतरा वर्षांचा मुलगा चौदाच्या गटात खेळला की एका खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाची जागा जाते आणि त्याला ते माहीत असतं. तो आपल्याच शाळेचा असतो, रोज तुझ्यासमोर पहिल्या रांगेत उभा असतो.

दुखापतींबद्दल कॉलेजचे खेळाडू बेफिकीर असतात, कारण आपण पट्टी बांधून खेळलेलो असतो. मुलांवर ते लादू नकोस. वाढीच्या वयात, साधारण दहा ते पंधरा, गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडावर टेंगूळ येऊन दुखतं. उड्या मारल्या की वाढतं. "दुखतंय तरी खेळ, मजबूत होशील" हा सल्ला चुकीचा आहे. उड्या कमी कर, दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखव, तोवर त्याला बसून पास, बूस्ट, गुणलेखन करू दे. या खेळातली सगळ्यात जास्त दिसणारी दुखापत घोट्याची, तीही जाळीजवळ. मधल्या रेषेवर पाय थोडा पलीकडे गेला तरी चालतो असं नियम म्हणतो, म्हणून ब्लॉकवरून उतरणाऱ्याचा पाय समोरच्या स्मॅशरच्या पायावर पडतो. मुलांना उडी शिकवण्याआधी उतरणं शिकव. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, रेषेपासून मागे. खडबडीत मैदानावर एका दिवशी फार उड्या नकोतच.

सामन्यात कोचने किती बोलावं? कमी. प्रत्येक सेटला दोनच टाइमआउट, ते ३० सेकंदांचे. मुली येऊन उभ्या राहीपर्यंत दहा सेकंद जातात. उरलेल्या वीसमध्ये एकच गोष्ट सांग, तीही करता येण्यासारखी: "पाच नंबरला सर्व्हिस टाका." "नीट खेळा", "जोर लावा" याने कुणाचंही काही बदलत नाही. बाहेरून प्रत्येक चेंडूला ओरडलीस तर मुली चेंडूऐवजी तुझ्याकडे बघतील. आणि राखीव मुलींना खेळव. सेटला सहा बदली करता येतात, सुरुवातीची खेळाडू बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते. तालुक्याच्या पहिल्या फेरीत पुढे असताना एखाद्या घाबऱ्या मुलीला नुसती सर्व्हिस करायला आत पाठव. तिच्या घरी त्या रात्री दुसरा विषय नसतो आणि पुढच्या वर्षी ती सरावाला सगळ्यांत आधी येते.

उत्पन्नाचं आणखी थोडं. उन्हाळी शिबिरं, पंचांचं मानधन, जवळच्या क्लबमध्ये सकाळचा सराव, यांतून थोडेफार पैसे मिळतात. पंचाची परीक्षा जरूर दे. नियम तोंडपाठ असलेल्या कोचचा संघ रोटेशनच्या, म्हणजे जागा फिरवण्याच्या, चुकीने गुण घालवत नाही. स्वतःच्या शाळेच्या मुलांकडून मात्र सरावाचे पैसे घेऊ नकोस. ज्याला ते परवडत नाहीत तो मुलगा काही न बोलता यायचा बंद होतो.

शेवटचा प्रश्न, खेळणं सोडावं लागेल का. नाही. बी.पी.एड.ला प्रवेश घेतलास की वयाच्या अटीत बसत असशील तर पुन्हा विद्यापीठाच्या संघासाठी चाचणी देता येईल. जरूर दे. पण ही दोन वर्षं थोडी वेगळी खेळ. राखीव बसलीस तर कोचच्या शेजारची जागा पकड, टाइमआउटमध्ये ते काय बोलले आणि पुढच्या पाच गुणांत काय झालं ते लिहून ठेव. दोन-तीन स्पर्धांत गुणलेखकाच्या टेबलावर बस. सुट्टीत तुझ्या जुन्या शाळेत जा, सरांना विचारून पाचवी-सहावीची दहा मुलं घे आणि त्यांना मे महिनाभर पास शिकव. विद्यापीठाचं मूळ प्रमाणपत्र अजून कॉलेजच्या कपाटात असेल तर ते मात्र निकालाची वाट न बघता याच आठवड्यात आण. नावातली एक वेलांटी चुकलेली असली तरी ती विद्यापीठाकडून आत्ताच दुरुस्त करून घे. नोकरीच्या वेळी पडताळणीत तीच अडते आणि तेव्हा तुला ओळखणारे क्रीडा संचालक तिथे असतीलच असं नाही.